घराची राखण : अडसर, जागल्या आणि कुलूप

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात जयसिंगपूर नावाचे व्यापारी गाव आहे. गाव फार जुने नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाहू छत्रपतींनी ते वसविले आणि आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे ह्यांचे नाव त्यास दिले. मिरजेहून कोल्हापुरास जाणारा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला होता. कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ १८९५ साली वसली होती. त्यानंतर काही वर्षांनी लोहमार्गाच्या कडेला ही नवी पेठ उभी राहिली. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांची ओळख बहुधा आकड्यांनी. तंबाखू आणि भुईमूग ह्यांच्या व्यापाराने गाव भरभराटीस आले. येणारा पाहुणा रुंद रस्त्यांची वाखाणणी करतो व परत जातो. परंतु ह्या गावाला वेस नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुन्या मराठी गावाची राखण ही घराघराची नव्हती, गावाची होती. भोवती गावकूस, त्यास वेस, वेशीचे दार दिवेलागणीनंतर लागावयाचे, आणि आत जागल्या फिरावयाचा. अपरिचित मनुष्य रात्री गावात शिरला तर तो कोणाचा कोण, कोठे उतरला, हे चार घटकांत साऱ्या गावास ठाऊक होई. अशा गावात एकट्या घराचे दार कसे आहे ह्यास फारसे महत्त्व नव्हते. नव्या पेठेत हे सर्व बदलले. कूस नाही, वेस नाही. रेल्वेतून उतरलेला कोणीही सरळ रस्त्याने सरळ आपल्या दारापर्यंत येऊ शकतो. शेजारी दुसऱ्या गावचा, त्याच्या पलीकडचा तिसऱ्या जिल्ह्याचा. जे काम पूर्वी गावकुसाने करावयाचे ते आता घराच्या दाराला करावे लागले. आज शहरांतून आपण सारेच अशा वेस नसलेल्या गावांत राहतो. म्हणून घराच्या दाराने ही विद्या कशी कशी संपादन केली, हे पाहणे मनोरंजक तर आहेच, पण निरुपयोगीही नाही.

आपल्या भाषेत ह्या गुन्ह्याला घरफोडी म्हणतात. दारफोडी म्हणत नाहीत. ह्या एका शब्दात मोठा इतिहास आहे. देशावरची घरे पांढऱ्या मातीची. भिंत दोन-दोन, तीन-तीन हात रुंद असली तरी ती मातीचीच. पहारीने वा खणतीने तिला भगदाड पाडता येई. चोर दाराच्या वाटेस जात नसे. तो मागल्या भिंतीतून येई. मग दाराला कितीही भक्कम कुलूप घातले तरी त्याचा उपयोग काय? कुलूप आपल्याकडे इतके उशिरा घरोघरी आले ह्याचे कारण कारागिरीची उणीव नव्हे, भिंतीची माती होय, असे आम्हांस वाटते.

भिंत फोडण्याची ही कला किती जुनी आहे हे ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात दिसते. जयसिंगपुरापासून जवळच, कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर हरिपूर आहे. ज्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले ते ह्या हरिपूरचेच. मूळ संस्कृत नाटकातला शर्विलक चारुदत्ताचे घर फोडावयास येतो तो एखाद्या शास्त्र्याच्या ऐटीत. पक्की वीट असेल तर ती ओढून काढावी, कच्ची वीट असेल तर कापावी, मातीची भिंत पाण्याने भिजवावी, लाकडाची चिरावी, असे चार भिंतींचे चार उपाय तो आठवतो. भिंतीला पाडावयाच्या भोकाचेही आकार ठरलेले. कमळासारखा, कुंभासारखा वगैरे. नित्याच्या अर्घ्याच्या पाण्याने भिंत जेथे भिजून ठिसूळ झाली आहे ती जागा तो हात फिरवून शोधतो. आजचा गवंडीही घरमालकास भिंतीच्या बुडाशी पाणी मुरू देऊ नका म्हणून सांगतो. दोघांचे ज्ञान एकच, हेतू मात्र वेगळे. पुढे आत शिरल्यावर जुने दार करकरते, तेव्हा आवाज होऊ नये म्हणून हा चोर बिजागऱ्यांकडे पाणी शिंपडतो. गृहिणींना करकरणारे दार आवडत नाही व त्यात तेल घालण्याची घाई होते; परंतु असे दार हा घरातला सर्वांत स्वस्त पहारेकरी होय, हे शर्विलक जाणून होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर फुटलेले घर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने भिंतीचे भोक आतून पडले की बाहेरून, हे आधी पाहावे असे सांगितले आहे. चोर पुष्कळदा घरातलाच असतो, हे त्या काळीही गुपित नव्हते.

भिंत फुटणारच, असे ज्याने गृहीत धरले त्याने वस्तू कोंडण्यापेक्षा ती लपविण्याकडे लक्ष दिले. जाड भिंतीच्या पोटात धान्यासाठी बळद ठेवावयाचे. देवघराच्या कोनाड्यामागे दुसरा कोनाडा करावयाचा. पैसा हंड्यात घालून जमिनीत पुरावयाचा. ह्या शेवटल्या उपायाने किती घराण्यांचे द्रव्य चोरापासून वाचले व वारसांनाही मिळाले नाही, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही! धान्याला पेव असे. हरिपुरातील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र प्रशस्त. आतून पाला-काडाचे अस्तर, वरून मातीने बंद केलेले तोंड. वरून चालणाऱ्यास पायाखाली काय आहे ह्याचा पत्ता लागू नये अशी ही तिजोरी. तिचा पहारेकरीही तिच्याच पोटात असे. बंद पेवातील हवा माणसाच्या श्वासास निरुपयोगी होते. तोंड उघडल्याबरोबर उतरणारा गुदमरून मरतो. म्हणून जाणता मनुष्य पेव उघडून बराच वेळ थांबे, दिवा आत सोडून पाही, आणि दिवा जळत राहिला तरच उतरे. एका दिव्याने जीव वाचविणारी इतकी साधी युक्ती दुसरी क्वचितच असेल. ह्या पेवांचा घात अखेर चोराने केला नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि त्यांतील पुष्कळशी कायमची गेली.

आता दाराकडे वळू. दाराच्या आतल्या बाजूची साधने आपली स्वतःची आहेत, हे त्यांच्या नावांवरूनच कळते. संस्कृतातील अर्गला ती आपली आगळ; कडी, कोयंडा, अडसर, खिट्टी हे शब्दही घरचेच. उलट कुलूप हा अरबी ‘कुफ्ल’ शब्दाचा मराठी अवतार आणि चावी पोर्तुगिजांकडून आलेली. शब्दांच्या ह्या दोन कुळांत एक भेद आहे. अडसर काय किंवा आगळ काय, ती आत मनुष्य असेल तरच घालता येते. भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढलेला सागवानी अडसर दाराच्या दोन्ही फळ्यांवर आडवा बसला, म्हणजे बाहेरून चार जणांनी खांदा लावला तरी दार हलत नाही; त्याला किल्ली नाही म्हणून ती हरवत नाही, गंज नाही, मोडणे नाही. आजही रात्रीच्या राखणीसाठी ह्याहून चांगले साधन आम्हांस माहीत नाही. परंतु घरातला शेवटचा मनुष्य बाहेर पडला की अडसर हे केवळ एक लाकूड राहते.

एकत्र कुटुंबात ही अडचण कधी आलीच नाही, कारण घर रिकामे म्हणून कधी नसे. सारे घर यात्रेला गेले तरी ओसरीवर कोणी वडीलधारी विधवा आत्या वा आजी असावयाचीच. घराण्याच्या इतिहासात तिचे नाव कोणी लिहीत नाही; पण दीड-दोनशे वर्षे मराठी घरांचे खरे कुलूप तीच होती. मोठ्या वाड्यांतून ह्यास दिंडीची जोड होती. थोरल्या दरवाजात ठेवलेले हे लहान दार असे की आत येणाऱ्याने उंबरठा ओलांडताना मान लववावी व एकेकट्याने यावे. वाकून, पाऊल उचलून, अंधाऱ्या देवडीत शिरणारा मनुष्य क्षणभर पूर्णपणे पहारेकऱ्याच्या स्वाधीन असतो. सुतारकामातील ह्या हिशेबीपणाचे कौतुक करावे तेवढे थोडे.

परंतु अडसर, दिंडी, बळद ही सारी दुय्यम साधने. मुख्य साधन जागल्या. त्या त्या गावच्या रिवाजाप्रमाणे रामोशी, बेरड, महार किंवा मांग ह्यांपैकी कोणाकडे तरी हे काम असे व त्याबद्दल धान्याचा हक्क असे. ह्या पद्धतीतला करार मोठा कडक होता. चोरी झाली तर जागल्याने पावलांचा माग काढावयाचा. माग शिवेपर्यंत पोहोचला तर तो पुढल्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावयाचा. ज्या गावात माग हरवला त्या गावाच्या राखणदारावर भरपाईची जबाबदारी. कॅप्टन मॅकिंटॉश ह्याने रामोशांविषयी १८३३ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते अशा पद्धतीचा विस्मय वाटूनच नव्हे, तर ती मोडल्यावर जे घडले त्याने सरकार हैराण झाले म्हणून. पुरंदर किल्ल्याच्या राखणीचा रामोशांचा परंपरागत हक्क पेशवाईच्या अखेरच्या काळात व इंग्रजी अमलाच्या आरंभी गेला. उमाजी नाईकाचे बंड त्यातून उभे राहिले आणि १८३२ साली पुण्यास त्याला फाशी देण्यात आले.

पुढचा भाग घराच्या राखणीच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली जन्माने गुन्हेगार ठरविण्याचा कायदा उत्तर हिंदुस्थानासाठी केला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय केली. ज्यांच्या भरवशावर गावाने शेकडो वर्षे झोप घेतली, त्यांच्याच कुळातली कित्येक माणसे आता चोरांच्या वहीत गेली. मूल जन्मले की संशयित झाले. रोज पोलीसपाटलाकडे हजेरी, परगावी जावयाचे तर परवाना. मनुष्य मजुरीस जाणार केव्हा आणि हजेरीस येणार केव्हा? आणि मजुरी बुडाली तर त्याने खावे काय? ज्या कायद्याने घरे सुरक्षित व्हावयाची, त्याने माणसाला चोरीवाचून दुसरी वाट ठेवली नाही.

जयसिंगपूर वसविणाऱ्या राजाने हे ओळखले होते. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील ही हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांसारख्या लोकांस, ज्यांच्या नुसत्या नावाने गृहस्थ दार लावून घेत, त्यांस त्यांनी राहावयास जागा दिली आणि पहाऱ्याच्या कामावर नेमले. दरबारी मंडळींच्या पोटात गोळा आला असल्यास नवल नाही. पण महाराजांचा हिशेब साधा होता. ज्यास रात्रीच्या वाटा ठाऊक, त्यासच रात्रीची राखण द्यावी आणि पोटाची चिंता दूर करावी. जवळच औंध संस्थानाच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा त्यांनीही शिक्षा भोगून आलेली माणसे रखवालीस ठेवली. कारखान्याच्या त्या वसाहतीलाही वेस नव्हती. गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे टिकला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. कायदा गेला, तरी अनोळखी वस्ती गावाबाहेर उतरली की दारे लावून घेण्याची सवय अजून गेलेली नाही.

कुलूप ह्या सगळ्यानंतरचे. ते घरोघरी येण्यास घर रिकामे व्हावे लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि मग दक्षिण महाराष्ट्रात पसरला. माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहू लागली, आणि गावेच्या गावे मागे उघडी पडली. इकडे रेल्वेने नोकरदारास गावोगावी फिरविले. नवराबायको आणि दोन मुले एवढाच संसार परक्या गावी थाटला जाऊ लागला. ओसरीवरची आत्या मूळ गावीच राहिली. नेमक्या ह्याच सुमारास, १८९७ साली, मुंबईस लालबागेत अर्देशर गोदरेज ह्यांनी कुलुपे करावयास आरंभ केला. शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्याचा त्यांचा आधीचा उद्योग फसला होता, कारण त्यांवर ‘हिंदुस्थानात बनविलेले’ असा छाप उमटविण्याचा त्यांचा आग्रह ग्राहकास मान्य झाला नाही. त्यांच्या कुलुपाची मातब्बरी एका लहानशा गोष्टीत होती. साध्या कुलुपातील पट्ट्या स्प्रिंगांवर बसतात. आपल्या दमट हवेत स्प्रिंग गंजते, मोडते, आणि कुलूप एक तर उघडत नाही किंवा कोणत्याही खिळ्याने उघडते. गोदरेजांनी स्प्रिंगेवाचून चालणारे कुलूप काढले. १९०२ पासून ते तिजोऱ्याही करू लागले, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत जो भयंकर स्फोट झाला, त्या आगीतून त्यांच्या तिजोऱ्यांतील कागद शाबूत निघाल्याची गोष्ट पुढे पुष्कळ दिवस सांगितली जाई.

कुलुपाविषयी गृहस्थांच्या मनात एक भ्रम असतो, तो लंडनच्या एका प्रसंगाने दूर होण्यासारखा आहे. ब्रामा नावाच्या कारागिराच्या पेढीने आपल्या खिडकीत एक कुलूप ठेवले होते. ते किल्लीवाचून उघडणारास २०० गिनी इनाम. साठ वर्षे ते कोणी जिंकले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनास आलेल्या हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून ते उघडले. इंग्लंडात हाहाकार उडाला. कुलपांची मर्मे चारचौघांत सांगावीत काय, ह्यावर वाद माजले. परंतु आमच्या मते ह्यातला विचार करण्याजोगा आकडा २०० हा नसून ५१ हा आहे. कोणत्याही घरी चोराला एवढे तास मिळत नाहीत. कुलूप चोरास थांबवीत नाही. ते त्यास खोळंबविते. आणि तो खोळंबला असता कोणी ऐकणारे, पाहणारे, हाक मारणारे आसपास नसेल, तर उत्तम कुलूप आणि सुतळीची गाठ ह्यांत फरक थोडाच. म्हणजे जागल्या गेला तरी जागल्याची गरज गेली नाही. ती शेजाऱ्यावर आली. जयसिंगपुरासारख्या पेठेत, जेथे शेजारी दहा गावांचे, तेथे ही ओळख पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकीतून न येता मुद्दाम करून घ्यावी लागली. सरळ गल्लीचा एक फायदा मात्र झाला. ह्या टोकाला उभे राहिले की त्या टोकापर्यंतची दारे दिसतात. वाकड्यातिकड्या बोळात ती सोय नाही.

दिसण्यासाठी उजेड हवा. उघड्या चिमणीने आणि टेंभ्याने उजेडाबरोबर आगही घरात आणली. गंजीला, कुडाला, तंबाखूच्या बोदांना तिचे भय सारखेच. ओगले बंधूंनी १९१६ साली कराडजवळ काचेचा कारखाना काढला व पुढे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचविला, तेव्हा वाऱ्याने न विझणारी आणि काचेआड कोंडलेली ज्योत परसदारी टांगून ठेवणे सामान्य कुटुंबास प्रथमच शक्य झाले. रात्रभर बारीक केलेला कंदील हा कुत्र्याच्या खालोखाल उपयोगी पडे. आजच्या दारावर डोळा लावून पाहण्याचे भिंग असते, वर चित्र टिपणारे यंत्र असते. तरी यंत्र चोराचे तोंड दाखविते, त्यास हाकलीत नाही. दारास आतून घातलेली चार पैशांची साखळी, जिच्यामुळे दार वीतभर उघडून बोलता येते, ती आम्हांस त्या यंत्राहून अधिक हुशार वाटते.

खिडक्यांच्या गजांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. प्लेगनंतर उजेडवाऱ्याचे महत्त्व पटले, भिंतींना खिडक्या पडू लागल्या, आणि खिडक्यांबरोबर गज आले. आता तर सज्जापासून जिन्यापर्यंत सर्वत्र लोखंडी जाळ्या बसतात. चोराला बाहेर ठेवणारा गज आगीच्या वेळी मुलांना आत कोंडतो, ह्याचा विचार जाळी बसविताना होत नाही. एका तरी खिडकीची जाळी बिजागरीची असावी, तिचे कुलूप आतून असावे, आणि किल्ली ठरलेल्या खुंटीवर, घरातल्या लहानातल्या लहान शहाण्या मुलास माहीत असेल अशी टांगलेली असावी. रात्री दारास आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली घेणाऱ्या गृहस्थाला तर अडसराची पुन्हा शिफारस करावी. अडसर अंधारातही एका हाताने निघतो.

शिरोळ तालुक्यात ह्या सर्वांहून मोठा घरफोड्या एकच, पाणी. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेस मिळते, आणि दोन्ही नद्या फुगल्या की पाणी मागे सरते. २००५ आणि २०१९ साली कित्येक गावांतील माणसांना गुरांसह घरे सोडावी लागली. अडसर, कुलूप, गज ह्यांतले काहीच येथे कामाचे नाही. येथे दोनच साधने, उंच जोते आणि वरचा माळा. जुन्या नदीकाठच्या घरांचे जोते छातीएवढे असते व पायऱ्या चढताना म्हातारी माणसे कुरकुरतात. पेट्या, खतपत्रे, बियाणे माळ्यावर जाते. घर सोडताना मनुष्य तरीही दाराला कुलूप घालतो आणि किल्ली बरोबर घेतो. पाणी उतरल्यावर परतला, की आधी भिंतीवरची मातकट रेघ कोठवर आली ते पाहतो, मग चिखलाने जाम झालेल्या कुलपात तेल सोडीत बसतो.